रविवारच्या फोननंतर

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास आणि मी तशीच बसून राहिले. बाबा दोनदा डोकावून गेले. रात्री त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, ‘आता लिही. फोनवर तुम्ही दोघी एकमेकींना बोलू देत नाही.’ म्हणून लिहितेय.

‘परीक्षा तोंडावर आलीय आणि सिनेमे कसले दाखवत बसलीयस?’ हे मी बोलायला नको होतं. तू शांतपणे म्हणालीस, ‘आई, मी तिथे पहिल्यांदा स्वयंसेवक म्हणून गेले नव्हते. मला कुठेतरी बसायचं होतं म्हणून गेले होते.’ चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

कधीपासून, ग? दिवाळीनंतर तू गेलीस तेव्हा तर बरी दिसत होतीस. की मीच नीट पाहिलं नाही? नको, याचं उत्तर देऊ नकोस. काही विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय. रात्री झोप लागते का, तेवढं कळव.

विद्यापीठात तुम्ही दाखवता त्या सिनेमांचं तू पाठवलेलं पोस्टर मी नीट वाचलं. दिवे पूर्ण बंद होणार नाहीत, आवाज नेहमीपेक्षा कमी असेल, मध्येच उठून बाहेर जायला हरकत नाही, शेजारची खोली शांत बसण्यासाठी उघडी असेल, सिनेमा संपल्यावर ज्यांना थांबायचं आहे त्यांनी थांबावं, समुपदेशक दाराशी असतील. मला हे फार आवडलं. आमच्या फिल्म सोसायटीत कुणी मध्ये उठलं तर अख्खा हॉल मान वळवून बघायचा. उठणाऱ्याला काय होत असेल, हे कुणाच्या मनातही यायचं नाही. माझ्याही नाही.

मी प्रोजेक्टर चालवायचे हे तुला माहीत आहे, पण नीट कधी सांगितलं नाही. आमचा १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचा होता. १६०० फुटांचं एक रीळ सुमारे ४४ मिनिटं चालायचं, मग दिवे लावून दुसरं चढवायचं. त्यात फिल्म ओवताना, यंत्राच्या ज्या खिडकीतून चित्रावर उजेड पडतो तिच्या वर एक आणि खाली एक असा सैल वळसा ठेवावा लागतो, त्याला लूप म्हणायचे. चित्र खिडकीपाशी एकेक चौकट थांबत थांबत पुढे जातं, पण आवाज वाचणाऱ्या भागावरून फिल्म एकसारखी सरकावी लागते. म्हणून आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे एका सेकंदाहून थोडं जास्तच. खालचा लूप सुटला की चित्र थरथरायला लागतं आणि ओठ एक बोलतात, ऐकू दुसरंच येतं. हॉलमध्ये शिट्ट्या सुरू व्हायच्या आणि मी अंधारात, गरम यंत्रावर बोटं भाजून घेत तो वळसा पुन्हा बसवायची. हे आत्ताच का आठवलं सांगते. गेले तीन महिने तू फोनवर ‘मी मजेत आहे’ म्हणायचीस तेव्हा मला तसंच वाटायचं. आवाज तुझाच, पण कशाशी तरी जुळत नव्हता. मी वायरचा दोष समजून सोडून द्यायचे.

आमच्याबरोबर एक मुलगी होती. तिकिटं फाडायला दारात उभी राहायची, दिवे गेले की शेवटच्या रांगेत जाऊन बसायची. सिनेमा संपून सगळे निघाले तरी ती बसलेली असायची. मला रिळं गुंडाळून डब्यात भरायची असायची, शेवटची बस गाठायची असायची. मी म्हणायचे, ‘चल ग, कुलूप लावायचंय.’ ती उठायची. एका सुट्टीनंतर ती आलीच नाही. पुढे मावशीकडून जे कळलं ते मी तुला कधी सांगितलं नाही, इथेही लिहीत नाही. पण तिच्या शेजारच्या खुर्चीत मी एकदाही बसले नाही. तुझ्या पोस्टरवर ‘ज्यांना थांबायचं आहे त्यांनी थांबावं’ हे वाचलं आणि पोटात कालवलं.

एक गोष्ट कबूल करायची आहे. सोमवारी मी तुमच्या समुपदेशन केंद्रात फोन केला होता. तुझं नाव सांगितलं, आई बोलतेय म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाई फार सौम्यपणे म्हणाल्या, की कोण इथे येतं आणि कोण येत नाही, हे त्या कुणालाही सांगू शकत नाहीत, आईवडिलांनाही नाही. जीवाला धोका असेल तेवढाच अपवाद. मला इतका राग आला! जन्म दिलाय मी, असं तोंडावर आलं होतं. फोन ठेवल्यावर तासाभराने वाटलं, बरं झालं. तू तिथे जाऊन बोललीस तर ते तिथेच राहील. तू चिडणार आहेस हे ठाऊक आहे. चीड. पण तुझ्यापासून लपवायचं नव्हतं.

आता तुझ्या कामाबद्दल. सिनेमा फुकट दाखवताय, विद्यापीठातच दाखवताय, तरी हक्कदाराची परवानगी लागू शकते. घरच्या सबस्क्रिप्शनवर हॉलभर लोकांना दाखवता येत नाही. ते कागद तुमच्याकडे आहेत ना? आवाज रिकाम्या हॉलमध्ये तपासू नका, तपासलात तर माणसं भरल्यावर तो दबतो हे लक्षात ठेवा. शेवटच्या रांगेत जाऊन ऐका. उपशीर्षकं भाषा कळत असली तरी लावा, ज्यांना कमी ऐकू येतं ते मागायला लाजतात. झपाझप उजेड-अंधार होणारा प्रसंग असेल तर आधी सांगा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा असा लखलखाट काहींना फिट आणू शकतो. दाराजवळच्या कडेच्या खुर्च्या ज्यांना मध्येच उठावंसं वाटेल त्यांच्यासाठी सोडा. आणि संपल्या संपल्या दिवे फटकन लावू नका. नावं सरकू देत. रडलेल्या माणसाला तोंड पुसायला तेवढा वेळ लागतो.

दुसरं, तू ऐकणारी आहेस, डॉक्टर नाहीस. कुणी काही जड सांगितलं तर ते ऐक आणि दाराशी जी माणसं बसवली आहेत त्यांच्यापर्यंत त्याला घेऊन जा, सोबत चालत जा. ते ओझं खोलीवर आणून रात्रभर उशाशी घेऊ नकोस. परवा बाबांनी वाचून दाखवलं, की इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात १९७० साली विद्यार्थ्यांनीच रात्री फोन उचलायची सेवा सुरू केली, नाइटलाइन नावाची. तिथली मुलं सल्ला देत नाहीत, नुसतं ऐकतात. त्यासाठीही आधी शिकावं लागतं. तुम्हाला कुणी शिकवलं का? नसेल तर मागून घ्या. आणि परीक्षेचं म्हणशील तर वेळ वाढवून मिळते का, हजेरीत सवलत मिळते का, हे त्याच केंद्रात विचार. त्यात कमीपणा काही नाही. दादाला त्या वर्षी मिळाली असती तर...

बघ, पुन्हा सुरू झाले. सांगायचं एक आणि शिकवत बसले दहा. तू माझ्यापेक्षा चांगलं करतेयस हे पोस्टर वाचूनच कळलं होतं. मावशीला दाखवलं मी ते. शेजारच्या काकूंनाही. माझी मुलगी करते म्हणून सांगितलं. तू स्वतः तिथे बसायला गेली होतीस हे मात्र कुणालाही सांगितलेलं नाही, ते तुझं आहे.

झोपेचं मी सारखं का विचारते, ते आता लिहिते. कारण खरा प्रश्न विचारायचं मला धाडस होत नाही. मला वाटायचं, विचारलं तर नको तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल. पण जाणकार सांगतात तसं होत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. म्हणून विचारते. छकुले, जगू नये असं तुला कधी वाटलं का? आता वाटतं का?

हात थरथरतोय, अक्षर तुला दिसेलच. उत्तर ‘हो’ असलं तरी मी रागावणार नाही, रडले तरी फोन ठेवणार नाही, आणि परीक्षेचं नाव काढणार नाही. मला सांगता येत नसेल तर बाबांना सांग, नाहीतर त्या दाराशी बसणाऱ्या बाईंना सांग. तेही आजच. रात्री तीन वाजता वाटलं तर तीन वाजता फोन कर. फोन उशाशीच असतो.

या शुक्रवारी सिनेमा आहे ना? मी येऊ का? तुझी आई म्हणून कुणाला ओळख करून देऊ नकोस. मी मागे बसेन. संपल्यावर खुर्च्या उचलायला तरी हात लागेल. नको असेल तर नको म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही. थोडं वाटेल, पण चालेल.

तुझी,
आई

ता. क. माळ्यावर तुझी निळी वही सापडली. बाबांबरोबर पाठवते. पहिलं पान उघडलं होतं, तारीख बघितली आणि मिटून ठेवली. पुढचं वाचलेलं नाही.