मनू, उद्या राजीनामा देऊ नकोस

प्रिय मनू,

काल रात्री फोनवर चिडलीस, मीही आवाज चढवला. आई म्हणाली आता पोरीला झोपू द्या, म्हणून लिहून पाठवतोय, वेळ मिळेल तेव्हा वाच. सांगायचं एकच आहे. उद्या एचआरने बोलावलंय तिथे राजीनामा देऊ नकोस. कागद नसतो बाबा, पोर्टलवर सबमिट करायचं असतं असं म्हणालीस ना, मग ते सबमिट करू नकोस. "मला विचार करायला वेळ हवा, जे असेल ते मेलवर पाठवा" एवढं बोलायचं आणि उठून यायचं.

तुम्हाला आयटीतलं कळत नाही म्हणालीस. बेंच म्हणजे प्रोजेक्ट नसताना बसून राहणं, बिलिंग म्हणजे क्लायंटकडून तुझ्या कामाचे पैसे येणं, पीआयपी म्हणजे काम सुधारा म्हणून दिलेली मुदत, हे तू सांगतेस तेवढंच मला कळतं, खरंय. पण माणसाला खोलीत बसवून नोकरी सोडायला कसं लावतात ते मी जवळून बघितलंय.

2000-01 ची आमच्या बँकेतली व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची स्कीम. तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. ब्रांचला आधी खात्यांच्या नोंदी करणारी ती एएलपीएम मशीन्स आली, मग कॉम्प्युटर आले, आणि रात्री उशिरापर्यंत थांबून बॅलन्सिंग टॅली करणारी माणसं एकदम जास्त वाटायला लागली. सरकारी बँकांमधून एक लाखाच्या वर माणसं त्या स्कीममध्ये बाहेर पडली गं. तरी आम्हाला हिशोब छापून दिला होता, झालेल्या प्रत्येक वर्षाला 60 दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यात कमी असेल ते. विचार करायला वेळही होता. दादाकाकाने घरी कुणाला न विचारता फॉर्म भरला. मला म्हणाला, रोज कोणीतरी येऊन विचारतंय, कटकट नको. पैसे आले ते माधवनगरच्या घरात गेले आणि पुढे काय झालं ते तुला माहितीये. कामात तो कच्चा नव्हता, कॅश बघावी तर त्यानेच. कटकट नको एवढ्यासाठी सही केली त्याने, आणि काल तू "एकदाचं संपवून टाकते" म्हणालीस तेव्हा मला तोच आठवला, रात्रभर झोप नाही.

तुला तर दोन महिन्यांचा पगार म्हणतायत, तोही तोंडी. तोंडी काही ऐकू नकोस. आपण स्वतःहून राजीनामा दिला की रेकॉर्डवर कंपनीने काढलं असं कुठेच राहत नाही, आपणच सोडून गेलो असं होतं, मग भांडायचं कशावर? पुण्यात आयटीवाल्यांची नाइट्स म्हणून संघटना आहे, कामगार आयुक्तांकडे तक्रारी नेतात ते लोक, त्यांना आजच फोन करून विचार. रिलीव्हिंग लेटर कधी, एक्सपिरियन्स लेटरवर काय लिहिणार, नोटीस पिरियडचे पैसे देणार का, सगळं मेलवर माग. आणि पीएफला हात लावू नकोस, पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागतो, पहिल्या कंपनीचा ट्रान्सफर केला होतास का ते पण बघून घे.

लेक्चर झालं. सॉरी. तू आता मोठी आहेस, पण बापाला राहवत नाही.

2020 ला तुझा लॅपटॉप कुरिअरने आला तेव्हा अप्पांनी बॉक्सला हळदकुंकू लावलं होतं. लॉकडाऊनमध्ये देवघराच्या खोलीत तुझं ट्रेनिंग चालायचं, लाइट गेली की मोबाइलचं नेट लावून बसायचीस, आणि मी दाराशी उभा राहून तुझं इंग्लिश ऐकायचो, आपली पोर कुठच्या कुठे बसलेल्या लोकांशी बोलतेय. 2022 ला दुसरी कंपनी धरलीस तेव्हा केवढी हाइक मिळाली, तेव्हा माणसं मिळत नव्हती म्हणून सगळ्या कंपन्या मागे लागल्या होत्या. तीच माणसं आज जास्त झाली यात तुझं काय चुकलं? 2025 च्या जुलैमध्ये टीसीएसने साधारण 12 हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, एवढ्या मोठ्या कंपनीत होतंय तर हे एकट्या तुझ्या कामावरून ठरलेलं नाही. ते पीआयपीमध्ये काय लिहितायत ते मनाला लावून घेऊन सही करू नकोस.

शनिवारी तुझ्या सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांशी बोलायला बोलावलं होतं ते कॅन्सल केलंस असं आई म्हणाली. कॅन्सल का करायचं? विश्रामबागेत त्याच वर्गात बसून तू सीनियर लोकांची भाषणं ऐकलीस, घरी येऊन सगळं पॅकेजचंच सांगायचीस. बेंचवर बसणं कसं असतं, काढायची वेळ आली की एचआर काय बोलतं, हे त्यांना कोण सांगणार? तू सांग. आणि तुमच्या ग्रुपवर सीनियर आहेत त्यांना रेफरल माग, म्हणजे त्यांच्या कंपनीत तुझं नाव सुचवायला सांग, लाजू नकोस, तूही किती ज्युनियर्सना दिलेस. नोकरीत असताना मागितलेलं वेगळं आणि सोडून झाल्यावर मागितलेलं वेगळं, म्हणून परत सांगतो, हातात दुसरं येईपर्यंत त्या पोर्टलवर काही दाबू नकोस.

मीटिंग 11 ला आहे ना, मी उद्या पहाटेच्या एसटीने निघतो. आत येणार नाही, तुला ऑकवर्ड होईल असं काही करणार नाही, खाली चहाच्या टपरीवर थांबतो.

तुझे बाबा

ता.क. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तुझ्या कंपनीच्या मेडिक्लेमवर करायचं ठरलं होतं, त्यासाठी नोकरी टिकवायला मी सांगतोय असं वाटून घेऊ नकोस. माझी रिटायर लोकांची पॉलिसी आहे, तिचं नाव त्यात आहे, दिवाळीनंतर करू.