बाबा, हे पत्र मोठ्याने वाचा

वाकड, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि आई यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र तुमच्या हातात देतेय ते एका अटीवर. तुम्ही ते आईला वाचून दाखवायचं, आणि मोठ्याने. अक्षर मुद्दाम टपोरं काढलंय, ओळींमध्ये जागा सोडलीये. स्पीच थेरपीच्या बाईंनी रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायला सांगितलंय आणि तुम्ही अग्रलेख मनातल्या मनात वाचून "झालं" म्हणता, हे मला कळलंय. आई, तू शेजारी बसू नकोस. स्वयंपाकघराच्या दाराशी बस. तिथवर ऐकू आलं पाहिजे.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं तर बोलले असते. पण पार्किन्सन्समुळे बाबांचा आवाज बारीक झालाय, तो फोनवर पोचत नाही, आणि आई फोन घेऊन "आम्ही मजेत आहोत" म्हणते.

आधी अलका चौकातलं सांगते, कारण त्या दिवसापासून बाबा घराबाहेर पडलेले नाहीत. गौरींची खरेदी करून आपण लक्ष्मी रोडवरून येत होतो. रस्ता ओलांडायला निघालो आणि बाबा, चार पावलांवर तुमचे पाय रस्त्याला चिकटले. तिथले झेब्राचे पट्टे पुसट झाले होते. सिग्नल सुटला, हॉर्न सुरू झाले, एका स्कूटरवाल्याने "काका, दुपारपासूनच का?" असं विचारलं. लाजेने माझे कान गरम झाले. मी तुमचा हात धरला आणि ओढला. अंग पुढे आलं, पाय जागेवरच राहिले. गुडघा फुटला, चष्म्याची काडी मोडली. घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "माझाच पाय अडखळला."

आई, पाय अडखळला नव्हता. मी ओढलं होतं. तीन महिने हे पोटात ठेवून मी तुमच्याकडे जेवून जातेय.

पाय असे गोठतात तेव्हा माणसाला ओढायचं नसतं. हे मला नंतर कळलं. थांबायचं, श्वास घ्यायचा, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यायचा, मोजायचं आणि मग पाऊल टाकायचं. आपण चालताना पावलांचा विचार करत नाही, मेंदू ते परस्पर करतो. पार्किन्सन्समध्ये नेमकं हे परस्पर होणंच बिघडतं. पण समोर ओलांडायला रेघ दिसली किंवा कानावर ठेका पडला की मेंदू दुसऱ्या वाटेने पाय उचलतो. म्हणूनच पट्टे ठळक असतात तिथे बाबा तरुण माणसासारखे रस्ता ओलांडतात आणि लिफ्टच्या दारात मात्र अडकतात.

आणि म्हणूनच, बाबा, तुम्ही वाड्यात बरे चालत होतात! हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. नारायण पेठेतल्या आपल्या खोल्यांत शहाबादी फरशी होती, प्रत्येक फरशीच्या कडेला काळी सांध. माजघरातून मोरीपर्यंत तुम्ही फरशीगणिक पाऊल टाकत जायचात. वाडा पाडून इमारत झाली, आपण सगळ्यांनी मिळून पांढरीशुभ्र चकचकीत फरशी निवडली, सांध दिसू नये म्हणून मुद्दाम मोठ्या आकाराची. तुम्ही नव्या घरात अडखळायला लागलात तेव्हा आम्ही म्हणालो, आजार वाढला. आजार वाढलाही असेल. पण पायाखालच्या रेघा आम्ही काढून घेतल्या होत्या.

गेल्या महिन्यात मी चिकटपट्टी घेऊन आले तेव्हा आई रागावली होती. "घर आहे का हॉस्पिटल, आल्यागेल्याला काय सांगू?" बाबा काहीच बोलले नाहीत. ते उठले, कपाटातून त्यांची ड्राफ्ट्समनची स्केल काढली आणि स्टुलावर बसून पट्ट्यांमधलं अंतर आखायला लागले. टीव्ही बघताना त्यांचा उजवा हात मांडीवर असतो आणि अंगठा-तर्जनी वात वळल्यासारखी हलत राहतात, आई, तूच एकदा म्हणाली होतीस, "शंभर वाती झाल्या असत्या एव्हाना." पण स्केल हातात आल्यावर तो हात थांबला. पेन्सिलीची खूण बारीक आणि सरळ पडली. सव्वा-सव्वा फुटावर. त्याच रात्री बाबा पॅसेजमधून न थांबता बाथरूमपर्यंत गेले आणि आई, तू दाराआडून बघत होतीस, ते मी पाहिलं.

बाबा, मी तुमच्या दुधाच्या हिशेबाच्या वह्या चाळल्या. विचारायला हवं होतं, माफ करा. 2014 च्या वहीत तुमचं अक्षर नकाशावर लिहितात तसं आहे, एकसारखं. 2016 मध्ये ओळीच्या सुरुवातीला ठीक आणि शेवटाकडे बारीक. 2017 च्या दिवाळीपर्यंत तर ते मुंगीएवढं झालंय. निदान झालं 2019 मध्ये. त्याआधीच पुरण करपल्याचा वास तुम्हाला आला नव्हता आणि आई चिडली होती. तेव्हाच पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल सुरू झालं होतं. चेहऱ्यावरचं हसू कमी झालं तेव्हा मी दादाला म्हटलं होतं, निवृत्तीनंतर बाबा तुसडे झालेत. ही सगळी या आजाराचीच चाहूल होती. डोपामिन, म्हणजे हालचालींचा निरोप पोचवणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी मेंदूत कित्येक वर्षं हळूहळू मरत असतात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

ज्याच्या नावाने हा आजार ओळखतात त्या जेम्स पार्किन्सनने 1817 मध्ये लंडनमध्ये यावर निबंध लिहिला तो अवघ्या सहा माणसांवरून. त्यातली काही त्याला रस्त्यात दिसलेली, वाकून, घाईघाईने बारीक पावलं टाकत चाललेली. तो रस्त्यातल्या परक्या माणसाकडे इतकं नीट बघू शकला. मी तुमच्यासमोर ताट घेऊन बसत होते. हे मनातून जात नाही.

आता आई, तुझ्याबद्दल. बाबा, इथे आवाज बारीक करू नका.

तुझ्या मनगटावर हिरवंनिळं झालं होतं तेव्हा तू म्हणालीस, कपाटाचं दार लागलं. बाबा दोन महिने दिवाणावर झोपतायत आणि म्हणतात, आतल्या खोलीत उकडतं. डिसेंबरात? मी राहायला आले त्या रात्री मला ऐकू आलं. दिवसा ज्यांचं बोलणं कान देऊन ऐकावं लागतं ते बाबा झोपेत "धरा, धरा त्याला!" असं खणखणीत ओरडत होते आणि हात उगारत होते. स्वप्न पडत असताना एरवी आपलं अंग सैल पडतं. या आजारात बऱ्याच जणांचं ते पडत नाही, मग स्वप्नात जे चाललंय ते हातापायांतून बाहेर येतं. बाबा, तुम्ही आईला मारलेलं नाही. आई, तू मार खाल्लेला नाहीस. तू बाबांना वाईट वाटू नये म्हणून लपवलंस आणि बाबांना ते कळलं, म्हणून ते तुला न सांगता दिवाणावर गेले. दोघांनी मिळून डॉक्टरांना सांगितलं तर यावर औषध आहे. पुढच्या अपॉइंटमेंटला मी हे सांगणार आहे. तुम्ही आधी सांगितलंत तर मला आवडेल.

गोळीचं एक राहिलं. आई, रिकाम्या पोटी गोळी नको म्हणून तू पेलाभर दूध देतेस. पण गोळीतल्या लेव्होडोपाला, म्हणजे मुख्य औषधाला, दूध-डाळ-पनीरमधल्या प्रथिनांशी झगडून आत शिरावं लागतं, दोघांची वाट एकच. मग गोळी घेऊनही बाबा तासभर तसेच आखडलेले बसतात आणि आपण म्हणतो, आज औषध चढलं नाही. गोळी पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. मळमळलं तर एखादं मारी बिस्किट. दूध रात्री झोपताना.

आणि एक गोष्ट मीही लपवलीये. पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला मी एकटीच जाऊन आले. तिथे कुणी कुणाच्या हाताकडे बघत नव्हतं. चहाचे कप अर्धेच भरलेले होते, इतकी साधी गोष्ट, आणि मला रडू आलं, कारण कोपऱ्यावरच्या हॉटेलात कप भरलेला येतो म्हणून बाबांनी तिथे जाणं सोडलं. माझ्या शेजारी बसलेल्या एक काकू सांगत होत्या, त्यांनी मधे उश्यांची भिंत केलीये आणि अजून एकाच खोलीत झोपतात. आई, मला तू त्यांच्याशी बोलायला हवी आहेस. माझ्याशी तू बोलणार नाहीस ते त्यांच्याशी बोलशील.

येत्या शनिवारी सभेला तिघांनी जायचं. मी तीनला येते. जेवण साडेबाराला उरका म्हणजे दोनची गोळी नीट लागू पडेल. रिक्षा दारापर्यंत आणते. वाटेत पाय अडकले तर अडकू देत, मी शेजारी उभी राहीन आणि शाळेतल्या लेझमीच्या ठेक्यावर मोजीन, तुम्हीच शिकवलेल्या. हात ओढणार नाही.

आई, बाबांचा आवाज कुठल्या ओळीला बसला तिथे पेन्सिलने खूण करून ठेव. तिथून पुढचं मी शनिवारी आल्यावर वाचून दाखवते.

तुमची,
ताई