हंगामापूर्वी हुकाची उंची मोजून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा उलटला की शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्यासारख्या गॅरेजांच्या दारात ट्रॉल्या आणि पिकअप गाड्या उभ्या राहू लागतात. उसाचा हंगाम तोंडावर असल्याने प्रत्येकाला घाई असते. कोणाला टायर बदलायचे असतात, कोणाला ट्रॉलीच्या फाळक्यांना वेल्डिंग करून हवे असते, आणि बहुतेकांची एक मागणी ठरलेली असते, ती म्हणजे "दोन पाटे वाढवून द्या". पाटे म्हणजे आसावर गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, आणि हूक म्हणजे गाडीमागे ट्रेलर किंवा ट्रॉली जोडण्याची जागा. या पाट्यांचे आणि हुकांचे काम करण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. एवढ्या काळात हुकाची उंची मोजून द्या म्हणणारे गिऱ्हाईक मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. गाडी ट्रेलर कसा ओढते, हे मात्र पाट्यांपेक्षा त्या हुकावर अधिक अवलंबून असते. या विषयावर आपल्या वृत्तपत्रातून चार शब्द मांडावेत, म्हणून हे पत्र.

आपल्या भागात बैलगाडी भरणाऱ्याला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. भार आसाच्या मागे गेला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठू लागते. भार फार पुढे आला की बैलांचा खांदा सुजतो. म्हणून जाणता गाडीवान उसाच्या मोळ्या रचताना मधूनमधून जू हाताने उचलून बघतो आणि थोडे वजन मानेवर राहील अशा बेताने गाडी भरतो. दोनचाकी ट्रेलरचा हिशोब याहून निराळा नाही. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के वजन हुकावर यायला हवे. ते कमी पडले तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. जास्त झाले तर गाडीचे बूड बसते, तोंड वर होते, स्टिअरिंग हलके लागते आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो.

दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो, कारण त्यात चूक माझीही होती. माझ्या एका गिऱ्हाइकाची पिकअप ट्रेलरवर जनरेटर घालून गोकुळ शिरगावकडून कागलच्या दिशेने महामार्गाने निघाली होती. उतारावर ट्रेलर झोके घेऊ लागला, ड्रायव्हरने घाबरून ब्रेक दाबला आणि ट्रेलर आडवा फिरून दुभाजकावर आदळला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. ट्रेलर माझ्याकडे दुरुस्तीला आला तेव्हा पहिल्यांदा मी टेप काढून मापे घेतली. ट्रेलर सपाट उभा राहण्यासाठी त्याचे तोंड जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर हवे होते आणि पिकअपचा हूक होता ६० सेंटिमीटरवर. गाडीचे बूड बसते अशी मालकाची तक्रार होती, म्हणून महिनाभर आधी मीच दोन पाटे चढवले होते. त्यामुळे हूक आणखी वर गेला होता. ट्रेलरचे तोंड आभाळाकडे आणि जनरेटर आसाच्या जेमतेम पुढे, अशा स्थितीत तो रस्त्यावर धावत होता. जनरेटरसह ट्रेलरचे वजन १००० किलो भरले आणि हुकावर त्यातले अवघे ४० किलो येत होते.

दुरुस्ती मोठी नव्हती. वाढवलेले पाटे काढले, जाड प्लेट लावून हूक योग्य उंचीवर खाली आणला आणि ८०० किलोचा जनरेटर एक फूट पुढे सरकवून पक्का आवळला. हुकापासून ट्रेलरच्या आसापर्यंत दहा फुटांचे अंतर असल्याने त्या एका फुटाने हुकावर ८० किलो वाढले आणि तेथील भार १२० किलो झाला. मालकाच्या म्हणण्यानुसार त्यानंतर ट्रेलर मागे आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. पाटे चढवण्याआधी पाच मिनिटे काढून मी हे माप घेतले असते, तर दुभाजकावरचा तो प्रसंग टळला असता. ही बोच अजून गेलेली नाही.

पाटे वाढवणे, हेल्पर पाटे (भार वाढल्यावरच टेकणारे जादा पाटे) घालणे किंवा स्प्रिंगच्या मदतीला हवेचे फुगे बसवणे याला माझा विरोध नाही. बसलेले बूड त्यांनी वर येते आणि खड्ड्यात गाडी आपटत नाही. परंतु गाडीच्या तोंडावरून कमी झालेले वजन त्यांनी परत येत नाही. हूक मागच्या आसापासून एक मीटर मागे असेल, दोन आसांमधले अंतर तीन मीटर असेल आणि हुकावर ३०० किलो आले असतील, तर मागच्या आसावर ४०० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे १०० किलो कमी होतात. मागे कितीही पाटे घाला, ते १०० किलो पुढे जाणार नाहीत. गाडी सरळ दिसू लागल्याने आपल्या लक्षात येत नाही, एवढेच. त्यासाठी एक तर भार हिशोबात भरावा लागतो, नाही तर परदेशात मोठ्या कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाड्यांना असतो तसा, लांब स्प्रिंगदांड्यांनी हुकावरचा भार पुढच्या आसाकडे आणि ट्रेलरच्या आसाकडे वाटून देणारा हूक बसवावा लागतो. शिवाय पाटे वाढवल्याने गाडीची कागदावरची भारक्षमता वाढत नाही, आणि टायर, बेअरिंग, ब्रेक हे सगळे जुनेच राहतात, हेही मालकांनी ध्यानात घ्यावे.

ट्रॅक्टरचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. उसाच्या चारचाकी ट्रॉलीचा भार तिच्या स्वतःच्या चाकांवर असतो, त्यामुळे हुकावर वजन फारसे येत नाही. येते ती ओढ आणि उतारावरचा रेटा. ही ओढ मागच्या आसाच्या मध्यापेक्षा खालून घेतली गेली पाहिजे. ट्रॉलीचा दांडा नीट बसत नाही म्हणून हूक वर घेतला, किंवा वरच्या लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) जागेला साखळी अडकवून ओढले, तर चढावर ट्रॅक्टर तोंड उचलतो आणि मागे उलटू शकतो. पुईखडीच्या चढाला दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन पुढची चाके हवेत तरंगवत चाललेला ट्रॅक्टर मी स्वतः पाहिला आहे. त्या क्षणी ड्रायव्हरच्या हातातले स्टिअरिंग फिरवून काहीही उपयोग नसतो. उतारावर याच्या उलट घडते. ट्रॅक्टरला बहुधा फक्त मागच्या चाकांनाच ब्रेक असतात, ट्रॉल्यांना बहुतेक वेळा नसतातच, आणि डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल केलेल्या ट्रॅक्टरला मागचे सगळे वजन ढकलत नेते. चढताना जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल रस्त्यावर असताना एकमेकांना अडकवून ठेवावेत, ही जुन्या ड्रायव्हरांची शिस्त आता विरळ होत चालली आहे.

ट्रॉलीचा दांडा हुकात अडकवणाऱ्या पिनेबद्दल तर लिहावे तेवढे थोडे आहे. गेल्या आठवड्यात एका ट्रॉलीची पिन मी काढली, तेव्हा ती मधोमध झिजून डमरूसारखी झाली होती आणि हुकाचे गोल भोक अंड्यासारखे लांबट झाले होते. खालची क्लिप हरवलेली होती आणि तिच्या जागी बांधकामाच्या सळईचा वाकवलेला तुकडा होता. दोन ट्रॉल्यांचा ऊस त्या तुकड्याच्या भरवशावर गावागावातून, शाळांसमोरून जात होता. चांगली पिन, क्लिप आणि दांड्याखालून फुलीसारख्या बांधलेल्या दोन साखळ्या यांचा एकूण खर्च एका टायरच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही. हूक सुटलाच, तर दांडा रस्त्यात रुतण्याआधी या साखळ्या त्याला झेलून धरतात.

ट्रेलर झोके घेऊ लागला तर काय करावे, हेही येथे सांगणे आवश्यक वाटते. ब्रेक जोरात दाबू नये आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा, गाडी आपोआप संथ होऊ द्यावी, आणि थांबल्यावर आधी भार कुठे सरकला आहे ते पाहावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जादा भाराविषयी कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. पण भार मर्यादेत असूनही चुकीच्या जागी असलेला, चुकीच्या उंचीवर जोडलेला ट्रेलर रस्त्यावर तपासला जाताना मला दिसलेला नाही. हंगामापूर्वी कारखान्यांवर वाहनांची कागदपत्रे पाहिली जातात, मागे लाल रिफ्लेक्टर लावले जातात, हे स्वागतार्ह आहे. त्याच दिवशी हूक, पिन, क्लिप आणि साखळ्याही पाहिल्या जाव्यात, अशी माझी कारखान्यांच्या शेती विभागांना आणि परिवहन विभागाला विनंती आहे. प्रत्येक कारखान्यावर वजनकाटा आहेच. गाडीची फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन एकदा ट्रेलरशिवाय आणि एकदा भरलेला ट्रेलर जोडून वजन केले, तर तोंड किती हलके होते हे दोन आकड्यांत समजते. हंगाम सुरू होण्यापूर्वी काटा मोकळाच असतो; त्या काळात आठवड्यातील एक दिवस वाहनमालकांना हे वजन विनामूल्य करू द्यावे.

ज्यांना काट्यापर्यंत जाणे शक्य नाही, त्यांनी सपाट जागेवर पुढच्या चाकावरच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची ट्रेलर जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर टेपने मोजावी. दोन बोटांपेक्षा जास्त फरक पडला तर भार पुढे-मागे करावा, आणि तरीही जमत नसेल तर हूक बदलून घ्यावा. माझ्या गॅरेजमध्ये दिवाळीपर्यंत ही मोजणी आणि पिनेची तपासणी यांचे पैसे मी घेणार नाही. उद्यमनगरातल्या माझ्या व्यवसायबंधूंनीही आपापल्या दारात टेप घेऊन उभे राहावे, अशी त्यांना हात जोडून विनंती आहे.

आपला,
एक गॅरेज व्यावसायिक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर