गुपित पोटात ठेवल्याबद्दल

प्रिय टोनी व्हिस्कॉन्टी यांस,

सप्रेम नमस्कार.

ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या रेकॉर्डवर निर्माता म्हणून तुमचं नाव वाचतच आम्ही वाढलो. त्या कामाचे आभार मानणारे पुष्कळ आहेत. माझे आभार आहेत ते तुम्ही तोंड बंद ठेवल्याबद्दल.

२००४ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या एका फेस्टिव्हलनंतर बोवीच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि दौरा अर्ध्यावर राहिला. तोवरचा शेवटचा अल्बम २००३ चा. नंतर कुणाच्या तरी मंचावर एखाद-दोन गाणी, कुठे पाहुणा आवाज, मग तेही थांबलं. आम्ही मनाची समजूत घातली की माणूस निवृत्त झाला, न्यूयॉर्कमध्ये संसारात रमला, आणि आपल्याला भरपूर देऊन झालंय त्याचं. खरं सांगायचं तर वाट पाहणं सोडल्यावर जुन्या रेकॉर्ड जास्त निवांतपणे ऐकता येत होत्या.

आणि ८ जानेवारी २०१३ ला, त्याच्या ६६ व्या वाढदिवशी, काही गाजावाजा न करता 'व्हेअर आर वी नाऊ?' हे नवं गाणं इंटरनेटवर आलं. सोबत बातमी : मार्चमध्ये अख्खा अल्बम, 'द नेक्स्ट डे'. तो करायला दोन वर्षं लागली होती आणि या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं!

हे कसं जमलं, ते नंतर तुमच्याच मुलाखतींतून उलगडत गेलं. न्यूयॉर्कच्या सोहो भागातला मॅजिक शॉप स्टुडिओ, सलग नाही तर मधे मधे महिनोन्‌महिने खंड पाडून केलेलं काम, वादकांकडून सही करून घेतलेले गुप्ततेचे करार. पण कागदावरच्या सहीने कुणाचं तोंड बंद राहतं असं मला वाटत नाही. गेल अ‍ॅन डॉर्सी, जेरी लेनर्ड, झॅकरी अल्फर्ड, अर्ल स्लिक ही सगळी गावभर मित्र असलेली माणसं. रात्री घरी गेल्यावर 'आज काय वाजवलंस?' या प्रश्नाला ती काय उत्तर देत असतील? त्यांनाही माझा नमस्कार सांगा. तुम्ही म्हणे कच्ची मिक्स हेडफोनवर ऐकत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून फिरायचात. समोरून बोवीचा टी-शर्ट घातलेला एखादा पोरगा आला असेल, तेव्हा तुम्ही चेहरा कसा सरळ ठेवलात?

या गुपिताचं मोल मला ऐकताना कळलं. आधी कुणकुण लागली असती तर वर्षभर अंदाज बांधले गेले असते, तब्येतीच्या चौकश्या झाल्या असत्या, आणि त्या थकल्या हृदयावर 'पुनरागमन' नावाचं ओझं पडलं असतं. तुम्ही त्याला नुसतं काम करू दिलंत. जमलं नाही तर फेकून देण्याची मोकळीक राहिली. असा आडोसा साठी ओलांडलेल्या रॉक गायकाला कोण देतं?

'व्हेअर आर वी नाऊ?' मधला तो कापरा, जपून पाऊल टाकणारा आवाज ऐकून पोटात गोळा आला होता. १९७७ साली बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत 'हीरोज' या गाण्यासाठी तुम्ही याच माणसासमोर तीन मायक्रोफोन लावले होते : एक तोंडाशी, दुसरा लांब, तिसरा हॉलच्या पार पलीकडे. त्याने आवाज चढवला की लांबचे उघडायचे, म्हणून त्या गाण्याच्या शेवटी तो बर्लिनच्या भिंतीपलीकडच्यांना हाका मारतोय असं वाटतं. इथे मात्र एकच माणूस, कानाशी. बोवी स्वतः मुलाखती देत नव्हता, तेव्हा तो ठणठणीत आहे आणि बाकीचा अल्बम चांगला दणकट आहे, हे तुम्हीच सांगितलंत. मार्चमध्ये शीर्षकगीताचं गिटार कानावर आदळलं आणि जीव भांड्यात पडला. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, वीस वर्षांनी. (मुखपृष्ठावरच्या पांढऱ्या चौकोनावर मात्र माझं मन अजून बसलेलं नाही. जुन्याच फोटोवर चिकटवलेली चिठ्ठी वाटते ती.)

पुढच्या अल्बमच्या वेळी तुम्हाला याहून जड गुपित सांभाळावं लागलं : त्याचं आजारपण. जानेवारी २०१६ मध्ये तो अल्बम आला आणि दोनच दिवसांत बोवी गेला. त्याबद्दल आभार मानायला मी अजून धजावत नाही. हे पत्र आधीच्या गुपितापुरतंच धरा.

कळावे,
आपला एक श्रोता