कागद हातात आल्याशिवाय निघू नकोस

सोलापूर

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं रडणं ऐकून मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. आजीला घरी आणलंय. खुब्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. वॉकर धरून ती पलंगापासून दारापर्यंत जाते. जेवण अजून कमी आहे, पण कालपासून कडक भाकरी आमटीत कुस्करून मागायला लागली आहे. वय बघता पुढचे काही आठवडे फार जपायला हवं असं डॉक्टर म्हणाले. यातलं काहीही मी तुझ्यापासून लपवलेलं नाही.

तू तिकिटं बघून ठेवली आहेस हे जावईबापूंकडून कळलं. मुंबईला उतरायचं, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायची की सकाळी घरी, एवढंच सध्या तुला दिसतंय. मला मात्र परतीची वाट दिसते. अॅडव्हान्स परोल, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, मंजूर होऊन तो कागद हातात पडेपर्यंत अमेरिकेच्या बाहेर पाऊल टाकू नकोस. मीच रडत फोन केला आणि ये म्हणाले, तरीसुद्धा नको.

तुम्ही दोघांनी पाठवलेले सगळे कागद मी बाबांच्या शेजारी बसून पुन्हा वाचले. आय-१३० हा जावईबापूंचा अर्ज, तुमचं नातं मान्य करून घेण्याचा. आय-४८५ हा तुझा, तिथेच राहून ग्रीन कार्ड मिळवण्याचा. तो चालू असताना परोलशिवाय देश सोडलास, तर तू अर्ज सोडून दिलास असं धरतात. कारण कोणतंही असो, आजारपण असो की मरण. भरलेले १,४४० डॉलर परत मिळत नाहीत, पण पैशाचं जाऊ दे. पासपोर्टवरच्या विद्यार्थी व्हिसाच्या भरवशावर परत जाशील म्हणतेस, तर तो व्हिसा शिकून मायदेशी परतणाऱ्याचा असतो. त्याच सरकारला तू लेखी कळवलं आहेस की मला इथेच राहायचंय. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने हेच विचारलं तर काय सांगशील? परत पाठवलं, तर आय-१३० शाबूत राहील, पण पुढचं सगळं इथून करावं लागेल. मग मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीचा नंबर लागेपर्यंत तू इथे आणि जावईबापू तिथे. लग्नाला वर्षही झालेलं नाही, त्यात हे कशाला?

आत्या रोज एकच म्हणतात, "समोरच्यांचा मुलगा नाही का गेल्या गड्ड्याच्या जत्रेला येऊन गेला? त्याचंही ग्रीन कार्ड अडकलेलंच होतं की." तो एच-वन-बीवर आहे, सोनू. एच-वन आणि एल-वन नोकरीच्या व्हिसावाल्यांना, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या नवराबायकोमुलांना, या नियमातून सूट आहे. व्हिसा चालू असला आणि त्याच दर्जावर परत गेले तर त्यांचा अर्ज तसाच राहतो. तू ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच शिक्षणानंतर काही काळ काम करायच्या परवानगीवर आहेस, तुला ती सूट नाही. आत्यांना मी हे समजावलं. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण "नात आली नाही" हे नातेवाईकांचं बोलणं मी आणि बाबा बघून घेऊ. ते तुझ्यापर्यंत पोचू देणार नाही.

आता करायचं काय ते. परोलचा अर्ज, आय-१३१, तुम्ही तेव्हा भरला नाहीत, कारण कुठे जायचं नव्हतं आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याची फी वेगळी झाली आहे. तो आता भरा. आय-४८५ची पोच सोबत जोडा. नुसता भरून निघायचं नाही, मंजुरीआधी निघालीस तर तोही बाद होतो. तातडीचं कारण असेल तर त्यांच्या फोनवर सांगून जवळच्या कार्यालयात भेट मागता येते. देतीलच असं नाही, पण मागायला हरकत नाही. तिथे पुरावा लागतो, आणि तो इथून मी देणार.

डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आणि तारखेसह घेते. काय झालं, ऑपरेशन कधी झालं, आत्ता प्रकृती कशी आहे, सगळं त्यात हवं. नुसतं "पेशंट आजारी आहे" एवढं लिहून चालणार नाही. ती तुझीच आजी आहे हेही दाखवावं लागेल. तुझ्या जन्मदाखल्यावर बाबांचं नाव आहे आणि जुन्या रेशनकार्डावर बाबा आणि आजी एकत्र आहेत. ते मराठीत आहे, म्हणून पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडायचं. भाषांतर करणाऱ्याने दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व बरोबर आहे असं लिहून सही करायची. त्याला नोटरी लागत नाही. नवी पेठेत त्याचे पैसे मागतात, पण बाबांचे कॉलेजातले मित्र करून देणार आहेत.

परोल मिळाला तरी विमानतळावर तुला वेगळ्या खोलीत बसवतील, तपासतील. तो कागद म्हणजे आत घेण्याची हमी नव्हे, म्हणून निघण्याआधी वकिलांना सगळं एकदा दाखव. लग्नानंतर नाव बदललंस का, आणि पासपोर्टवर कोणतं आहे? परोलवर तेच हवं. तू इकडे असताना बोटांचे ठसे द्यायचं किंवा मुलाखतीचं बोलावणं आलं तर चुकता कामा नये. जावईबापूंना टपालाची पेटी रोज उघडायला सांग.

आजीला हे सगळं मी सांगितलंय. सुरुवातीला गप्प बसली. मग म्हणाली, "पोरीला म्हणावं, नवऱ्याला सोडून अडकून पडू नको. मी हाय इथंच." गड्ड्याला सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा तिला दरवर्षी गर्दीत उभं राहून बघायचा असतो, या वेळी नंदीध्वज टीव्हीवर बघू म्हणाली. संध्याकाळी फोन केलास तर ती जागी असते, तुमची ती सकाळ. कॅमेरा चालू ठेव, तिला आवाजापेक्षा चेहरा बघायचा असतो. तिच्याशी बोलताना तिकिटाचा विषय काढू नकोस, नाहीतर ती दाराकडे बघत बसते.

उद्या सकाळी मी डॉक्टरांकडे जाते आहे. त्याआधी आजीच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आय-४८५मध्ये कुठे लिहिलं असेल तर बघून कळव. आधारवर एक आहे आणि बँकेच्या पासबुकावर दुसरंच. पत्रात कोणतं घालायचं ते आजच ठरवू.

तुझी,
आई