छोटी खाती म्हणजे बँकेवर बोजा नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या निफाड तालुक्यात एका बँकेने गावातली शाखा बंद करून दुसऱ्या गावच्या शाखेत मर्ज केली, कारण काय सांगितलं तर इथे बिझनेस नाही, सगळी खाती छोटी. मी स्वतः नोकरीची सगळी वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली, आता रिटायर होऊन नाशिकला असतो, पण गावाकडून फोन येतच असतात म्हणून हे लिहितोय. छोटी खाती म्हणजे बोजा, हे हल्ली बँकवाले अगदी सहज बोलून जातात आणि मला ते अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सांगायला जरा लांबचं उदाहरण देतो, ब्राझीलच्या ब्राडेस्को बँकेचं.

ही बँक सुरू झाली 1943 साली मारिलिया नावाच्या गावात. साओ पाउलो शहरापासून चारशे किलोमीटरहून लांब, आजूबाजूला कॉफी आणि कापूस, म्हणजे आपल्याकडच्या पिंपळगाव-लासलगावसारखंच शेतमालावर चालणारं गाव. त्या काळी तिथल्या बँका मोठे जमीनदार आणि बडे व्यापारी सोडून कोणाकडे बघायच्याच नाहीत. आमादोर अगियार म्हणून जो माणूस या बँकेमागे होता तो शेतीत राबणाऱ्या घरातला, शिक्षण फारसं नाही, छापखान्यात काम केलेलं, मग दुसऱ्या एका बँकेत ऑफिसबॉय म्हणून लागला आणि तिथून वर चढत गेला. त्याने ठरवलं की आपलं गिऱ्हाईक म्हणजे छोटा शेतकरी, छोटा दुकानदार, सरकारी नोकरदार.

आणि नुसतं ठरवलं नाही, शाखेची मांडणीच तशी केली. मॅनेजर आतल्या केबिनमध्ये नाही तर पुढेच, दारातून आलेल्या माणसाला पहिला दिसेल असा बसायचा. लोकांना चेक कसा लिहायचा ते बँकेतच शिकवायचे, कारण बहुतेकांनी आयुष्यात चेक पाहिलेलाच नव्हता. पुढे विजेची बिलंही काउंटरवर घ्यायला लागले. आज हे वाचून कोणी म्हणेल यात काय विशेष, पण ज्याने काउंटरवर काम केलंय त्याला माहीत आहे, अंगठेबहाद्दर माणूस एकदा विश्वासाने बँकेत यायला लागला की तो पुतण्याला, मेहुण्याला, शेजाऱ्याला सगळ्यांना घेऊन येतो. मारिलियातून निघालेली ही बँक 1951 पर्यंत, म्हणजे अवघ्या आठ वर्षांत ब्राझीलमधली सगळ्यात मोठी खाजगी बँक झाली! हेड ऑफिस 1946 ला साओ पाउलोत नेलं, नंतर शेजारच्या ओसास्कोत, पण छोट्या लोकांना सोडलं नाही. 1956 मध्ये बँकेने फाउंडेशन काढून गरिबांच्या मुलांसाठी फुकट शाळा सुरू केल्या, त्या आजही देशभर चालू आहेत.

आता कोणी म्हणेल की छोट्या लोकांत अडकलं की टेक्नॉलॉजीत मागे पडतं. तर तसंही नाही झालं, 1962 ला त्यांच्याकडे कॉम्प्युटर आला होता आणि 1996 ला ब्राझीलमध्ये इंटरनेट बँकिंग पहिल्यांदा याच बँकेने दिलं. 2002 पासून जवळजवळ दहा वर्षं तिथल्या पोस्ट ऑफिसांतून यांचंच बँकिंग चालायचं, मग जिथे शाखा काढणं परवडत नाही तिथे पोस्टाची खिडकी तरी मिळाली. 2009 मध्ये तर अमेझॉनच्या भागात, मनाउस ते ताबाटिंगा जाणाऱ्या बोटीवर शाखा उघडली, नदीकाठच्या वस्त्यांना रस्ताच नाही म्हटल्यावर बँकच पाण्यातून त्यांच्यापर्यंत गेली. इथे आम्हाला डांबरी रस्ता आहे, एसटी आहे, तरी शाखा उचलून नेतात याचं फार वाईट वाटतं.

ब्राडेस्कोचं सगळंच चांगलं आहे असं माझं म्हणणं नाही. 2008 मध्ये इताऊ आणि युनिबँको या तिथल्याच दोन मोठ्या बँका एकत्र आल्या आणि ब्राडेस्कोचा पहिला नंबर गेला, मग 2016 ला त्यांनी एचएसबीसीचा ब्राझीलमधला धंदा विकत घेतला, आणि गेल्या काही वर्षांत मोबाइलवर सगळं होतंय म्हणून त्यांनीही शेकडो शाखा बंद केल्यात. म्हणजे आपल्याकडे जे चाललंय ते तिकडेही चाललंय, आणि माझ्या मते तिथेही ते चूकच आहे. बँक मोठी ज्यांच्यामुळे झाली त्यांनाच आता मोबाइल शिका म्हणून सांगायचं हे बरोबर नाही.

नाशिकचं बघा ना. नोटबंदीनंतर लासलगावला कांद्याचे पैसे रोख मिळायचे ते चेकने मिळायला लागले, म्हणजे ज्यांनी बँकेची पायरी चढली नव्हती त्यांनाही चढावी लागली. द्राक्षवाले, टोमॅटोवाले, बचत गटाच्या बायका, जनधनवाले सगळे खात्यात आले. सरकारने आणि बाजाराने मिळून एवढी माणसं बँकेच्या दारात आणून दिली आणि आता बँक म्हणते बिझनेस नाही. बँक मित्राकडे, म्हणजे गावातल्या बँकेच्या एजंटाकडे जा म्हणतात, तिथे शेतात राबून बोटं घासलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा मशीनवर लागत नाही, मग तो परत शाखेत, तिथे केवायसीचा फॉर्म, तो भरून द्यायला कोणी नाही, शेवटी बाहेर झाडाखाली बसलेल्या माणसाला पैसे देऊन भरून घेतो. असा माणूस वैतागला की दारात येऊन गोड बोलणाऱ्या कुठल्याही पतसंस्थेत पैसे टाकतो, आणि तशा पतसंस्था बुडाल्यावर काय हाल होतात ते जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी सोसलंय.

माझ्या मागण्या अवघड नाहीत. ग्रामीण शाखेत एक माणूस दाराजवळच्या टेबलवर बसवा, त्याचं काम फक्त फॉर्म भरून देणं आणि समजावून सांगणं, आणि तो मराठी बोलणारा असावा. शाखा बंद करायची असेल तर आधी ग्रामसभेत येऊन सांगा, खातेदारांचं ऐका, नुसती गेटवर नोटीस चिकटवू नका. आणि कांद्याच्या, द्राक्षाच्या सीझनला बाजार समितीच्या आवारातच काउंटर लावा, म्हणजे चेक तिथेच जमा होईल आणि शेतकऱ्याचा दुसरा दिवस वाया जाणार नाही. लीड बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या, पुढच्या बैठकीत आपल्या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी एवढं तरी मांडावं ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
इंदिरानगर, नाशिक