आईला सहा आठवडे नेते आहे

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवरच सांगणार होते, पण आईचं ‘ठेव गो, गॅसवर दूध आहे’ मधे येतं आणि बाबा टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत. म्हणून लिहिते.

रविवारी आईला माझ्याकडे ताळगावला आणते आहे, सहा आठवड्यांसाठी. ठरलंय. रजाही टाकून झाली. चवथीनंतर केलेल्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ८.४ आलं, हवं निदान १२. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. या वयात पोटातून कुठे रक्त झिरपतंय का, ते आधी बघावं लागतं. घाबरू नका, बहुतेक साधंच निघेल. पण केरीहून साखळी, साखळीहून पणजी, मग बांबोळीला गोमेकॉ हॉस्पिटलात, अशा बशी बदलत दर खेपेला तिला दमवायचं कशाला?

बाबा, तुम्ही म्हणाल, बायकांचं असंच असतं. असतंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ३९ बायकांना रक्त कमी होतं. आईचं वय तर त्या मोजणीतच नाही. आपल्याकडे मात्र मी लहानपणापासून बघते, बांगड्याचा मधला तुकडा तुम्हाला नि दादाला, आणि आईच्या ताटात शेपूट आणि तळाचं हुमण. मीही कधी बोलले नाही.

आई, पल्स पोलिओच्या रविवारी वाड्यावरची सगळी पोरं तूच अंगणवाडीत न्यायचीस. काविळीच्या पावसात घरोघर पाणी उकळायला लावलंस. सुभद्रामावशी ‘लाकडं कोण देणार?’ म्हणून भांडली, तर आपल्या पडवीतली ओढून दिलीस. मी तापाने फणफणले होते तेव्हा रात्रभर माझ्या कपाळावर तुझ्या लुगड्याचा ओला पदर होता. त्याला चुलीचा वास यायचा. अजून ताप आला की मला तोच वास हवा असतो.

इथे तुला काही कमी पडणार नाही. खाट खिडकीशी आहे, न्हाणीत धरायला दांडा बसवलाय, सकाळी पाववाला पोदेर दारात येतो. जेवणाबरोबर चहा मात्र बंद, त्याने लोह अंगी लागत नाही. रडायचं नाही.

बाबा, रागावू नका. तुमच्यापासून तोडत नाही तिला, रोज संध्याकाळी फोन लावून देईन. दुपारचं धाकटी काकी देईल, ‘देशील का?’ म्हटल्यावर तीच माझ्यावर चिडली, विचारायचं काय त्यात. रात्रीची पेज तुम्ही करायची. उकडे तांदूळ दुपारी भिजत घाला. प्रेशरची गोळी सकाळी, चुकवायची नाही. तुळशीपुढचा दिवाही तुमच्याकडे.

दहापर्यंत पोचते. पातोळ्या-बितोळ्या करत बसू नकोस, भात-हुमण पुरे. तिघं एकदम बसू जेवायला. आणि ती हिरवी शाल वरच्या फळीवर आहे, बाबांनी काढायची. आईने स्टुलावर चढायचं नाही.

तुमची,
बाय